ताईचं मत आणि माझा लपवलेला कॉलम

आमच्या घरात कुठलीही वस्तू तीन कोटेशनांशिवाय येत नाही. मिक्सर असो, मुलीचा क्लास असो, नाहीतर माझ्या दाढेचं रूट कॅनल. "मग लग्नाच्या वेळी मी कितवी होते?" असं बायको अधूनमधून विचारते. या प्रश्नाला मी वीस वर्षं उत्तर दिलेलं नाही, आणि म्हणूनच संसार टिकला असावा.

दोष माझा नाही, नोकरीचा आहे. राहतो शारजात, आणि दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत चोवीस वर्षं परचेसला आहे. टाइल्स, पाइप, वायरी, जे लागेल त्याचे तीन ठिकाणांहून भाव मागवायचे, एक्सेलमध्ये शेजारी शेजारी मांडायचे, किमतीला इतके गुण, दर्जाला इतके, वेळेवर माल पोचवण्याला इतके असं वजन ठरवायचं, बेरीज करायची आणि खाली सही ठोकायची. याला कम्पॅरिझन शीट म्हणतात. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाला जगात फक्त व्हेंडर दिसायला लागतात. त्यामुळे थोरल्या बहिणीने जेव्हा मला विचारलं, की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या असलेल्या एका माणसाला मत द्यावं की नाही, तेव्हा मी म्हणालो, "थांब. शीट करतो."

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भावोजी गेल्यावर मुलाने तिला अमेरिकेला बोलावून घेतलं. पुढे मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेला, पण ताई त्याच गावात राहिली. "मला माझ्या दाराची किल्ली माझ्या पर्समध्ये हवी," म्हणाली. सांगलीला जी शाळेत मराठी शिकवायची, ती तिथे एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. सकाळी सहाला हजर, दुपारपर्यंत उभी. गुडघे गेलेत. मुलाकडे पैसे मागायचे नाहीत हा तिचा नियम आहे आणि ताईचे नियम मोडायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. गेल्या वर्षी ती तिथली नागरिक झाली. हे तिचं तिथलं पहिलंच मत.

दर शनिवारी संध्याकाळी पाचला आमचा कॉल असतो. आमचा दुसरा चहा, तिचा सकाळचा पहिला. नेहमीच्या व्हिडिओ कॉलला या देशात बंदी आहे, म्हणून आम्ही ऑफिसच्या मीटिंगचं ॲप वापरतो. ताई आधी वेटिंग रूममध्ये थांबते, मग मी तिला आत घेतो.

त्या शनिवारी तिने उमेदवाराचं सांगितलं. त्याची दोन आश्वासनं गाजत होती. पहिलं, प्रत्येक सज्ञान नागरिकाला सरकार दरमहा ठरावीक रक्कम देणार. काम करा, करू नका, श्रीमंत असा, गरीब असा, कोणी काही विचारणार नाही. दुसरं, बाहेरून येणाऱ्यांना आळा. कागद नसलेले परत जातील आणि नागरिकांना आपल्या भावाबहिणींसाठी अर्ज करता येतो ती सोय बंद होईल.

"ते महिन्याचे पैसे सुरू झाले ना, तर मी येत्या जूनमध्ये काम सोडीन," ताई म्हणाली. "घरभाड्याला थोडी पेन्शन आहे, वर हे. भागेल माझं. पण ते दुसरं काही मला गिळवत नाही. तू सांग बाबा, तुला या गोष्टी कळतात."

तुला कळतात, हे वाक्य ऐकलं की मी खुर्चीत सरळ बसतो. ताईच्या रकमेचे आधी दिरहम केले, मग सवयीने दिरहमचे रुपये केले. रुपयांत गेल्यावर कुठलीही रक्कम गडगंज दिसते. मी तत्त्वावर आलो.

"फुकटचा पैसा माणसाला आळशी करतो, ताई."

स्वयंपाकघराच्या दारातून बायकोचा आवाज आला. "अहो, कंपनी दर वर्षी आपल्या तिघांचं विमानाचं तिकीट देते, ते घेताना कधी आळस आला नाही तुम्हाला? आणि घरभाड्याचा अलाउन्स?"

"ते पॅकेज आहे."

"मग ताईंना पण पॅकेज म्हणा की."

मी विषय दुसऱ्या आश्वासनाकडे वळवला. माणसाला आपल्या माणसाकडे जाता आलं पाहिजे, कुटुंब तोडणारा कायदा तो कसला कायदा, वगैरे. बोलता बोलता माझा आवाज चढला. बारावीतली मुलगी मोबाइलमधून मान वर काढून बघायला लागली. "बाबा, यू ऑल्वेज से द अपोझिट," ती म्हणाली. खरं होतं. दुबईत ऊद मेथा भागात मराठी मंडळींचा कार्यक्रम असला, की जेवणाच्या पंगतीत मी या देशाच्या शिस्तीचे गोडवे गातो. व्हिसा आहे तोवर राहा, संपला की खलास, बॅग भरा. कुणाची तक्रार नाही, कटकट नाही. हे मी श्रीखंड खात अनेकदा सांगितलेलं आहे.

आता मला काय झालं होतं ते सांगतो. मी त्रेपन्न वर्षांचा. दर दोन वर्षांनी व्हिसा वाढवायला रक्त द्यायचं, छातीचा फोटो काढायचा, नवं कार्ड घ्यायचं, असं बारा वेळा झालं. साठीनंतर कंपनी ठेवेल असं नाही. पुढे कुठे, हा विचार रोज दुबईच्या ट्रॅफिकमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर बसलेला असतो. ताई नागरिक झाली त्या दिवशी मी पेढे वाटले, आणि पेढा तोंडात असतानाच मला आठवलं, की नागरिक बहीण भावासाठी अर्ज करू शकते. नंबर लागायला दहा-पंधरा वर्षं जातात म्हणे. चालेल. मी हे कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळ तर नाहीच, कारण तिला इथल्या रास अल खैमाच्या डोंगरावरच्या डिसेंबरातही शाल लागते. ताईजवळही नाही. वाट बघत होतो, की तीच एक दिवस म्हणेल. वर्ष झालं तरी ती काही म्हणाली नव्हती. उलट मागच्या दिवाळीत तिने माझ्या जन्मदाखल्याची प्रत मागवली, तेव्हा मला वाटलं, गावच्या जमिनीचं काहीतरी काढलंय. मी जरा घुश्शातच पाठवली होती.

तर असा निःपक्षपाती माणूस शीट करायला बसला.

शीट कशी वळवायची हे परचेसच्या माणसाला शिकवावं लागत नाही. समजा साहेबांना जवळच्या रास अल खैमाच्या एका कारखान्याचीच टाइल हवी आहे. मग आपण लिहायचं, "दोन दिवसांत माल साइटवर", आणि त्याला शंभरातले पन्नास गुण द्यायचे. लांबचे आपोआप पडतात. कागदावर सगळं स्वच्छ. मी या कामात वाकबगार आहे, असं ऑफिसात म्हणतात. मी ते कौतुक म्हणून घेतो.

ताईच्या शीटला मी तीन रकाने केले. पहिला तो उमेदवार. दुसरी त्याच्या विरोधातली बाई, जी दोन्हीतलं काहीच म्हणत नव्हती. तिसरं कोटेशन मिळेना, आणि तिनाशिवाय फाईल पुढे जात नाही, म्हणून तिसऱ्या रकान्यात "घरी बसणे" टाकलं. खाली मुद्दे: महिन्याची रक्कम, औषधपाणी, शाळा, रस्ते, आणि इमिग्रेशन. प्रत्येकाचं वजन डी कॉलममध्ये. महिन्याच्या रकमेला दहा. इमिग्रेशनला साठ. आणि स्वतःलाच विसर पडू नये म्हणून साठाच्या पुढे बारीक अक्षरात "माझी फाईल" असं टिपून ठेवलं. मग तो कॉलम लपवला. एक्सेलमध्ये राइट क्लिक केलं की कॉलम दिसेनासा होतो, बेरीज मात्र त्याच्याच हिशेबाने येत राहते. विरोधातली बाई प्रचंड फरकाने जिंकली. "घरी बसणे"सुद्धा त्या उमेदवाराच्या पुढे निघालं.

पुढच्या शनिवारी स्क्रीन शेअर केली. ताई चष्मा लावून जवळ आली. मी प्रत्येक ओळ बोट न दाखवता समजावली, कारण चांगला प्रेझेंटर बोट दाखवत नाही. ताई लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच म्हणाली, "अरे, महिन्याच्या पैशांत त्याला दहापैकी दहा दिलेस, मग तो इतका खाली कसा?"

"ओव्हरऑल बघायचं, ताई. ओव्हरऑल."

माझ्या खांद्यावरून मुलगी वाकली. हातात टोस्ट होता. "बाबा, ए, बी, सी, ई. व्हेअर इज डी?"

"असं असतं."

"नो, यू हिड इट," ती म्हणाली, आणि मी माऊसवरचा हात घट्ट करेपर्यंत तिने लॅपटॉपवर दोन बोटं टेकवली होती. डी कॉलम उघडला. साठ. माझी फाईल. ताईच्या स्क्रीनवर, सांगलीच्या शाळेतल्या फळ्यावर दिसावं इतकं मोठं.

बायको चहाचे कप घेऊन आली होती, ती कप घेऊन तशीच उभी. मुलीने टोस्टचा घास गिळला तो ऐकू आला.

"ही फाईल म्हणजे तुला मी इथे बोलवायची ती?" ताईने विचारलं.

"ताई, ते काय आहे..."

"हो की नाही?"

"हो."

"आणि मला दहा गुण."

चोवीस वर्षांत कित्येक व्हेंडरांनी मला शिव्या घातल्या असतील. इतकं कुणी लागेल असं बोललं नव्हतं. मी म्हणालो, "चुकलं माझं. वजनं मी माझ्या सोयीने टाकली. तुला काय वाटतं हे मी विचारलंच नाही."

"नाहीच विचारलंस. मागच्या शनिवारी मी काहीतरी गिळवत नाही म्हणाले, तर तू भाषणच सुरू केलंस." तिने चष्मा काढून पदराला पुसला. पदर म्हणजे ओढणी, पण पुसायची पद्धत पदराचीच. "आमच्या किचनमध्ये आम्ही सहाजणी. इथे जन्मलेली त्यातली एक. बाकीच्या पाचजणींत एकीकडे कागद नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. जड भांडी ती उचलते, माझे गुडघे बघून. मला विचारच येतो, की पैसे यायला लागले, मी घरी बसले, आणि ही गेली. मग? तुझ्या शीटमध्ये हिला ओळ कुठे आहे?"

"नाही."

"आणि गाढवा, तुझी फाईल," ताई म्हणाली, "ती मी कधीच टाकली. जन्मदाखला कशाला मागितला होता तुझा? श्राद्धाला?"

बायकोने कप टेबलावर ठेवले. "टाकली? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्हाला सांगितलं तर हा रोज सकाळी उठून नंबर बघत बसेल म्हणून नाही सांगितलं. नंबर लागेल तेव्हा हा सत्तरीला येईल. लागेल की नाही तेही देव जाणे. तो निवडून आला तर बंदच होईल."

"मी काही येणार नाही तिकडे, आधीच सांगते," बायको म्हणाली. "थंडी केवढी."

ताई हसली. मला हसता आलं नाही. मी स्क्रीन शेअर बंद करायचं बटण शोधत होतो आणि ते सापडत नव्हतं, त्यामुळे साठ आणि दहा बराच वेळ सगळ्यांसमोर तसेच राहिले.

तिची मतपत्रिका टपालाने घरी आली. शनिवारी कॉलवर तिने ती आम्हाला लांबून दाखवली. मग म्हणाली, "आता थांबा जरा," आणि फोन टेबलावर उताणा ठेवला. आम्हाला तिच्या स्वयंपाकघराचं छत दिसायला लागलं. पांढरं, मधोमध पंखा, पंख्याच्या एका पात्यावर धूळ. आमचे वडील मत देऊन आले की आईलासुद्धा सांगायचे नाहीत, तसंच हे. पेनाचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. आम्ही तिघं सोफ्यावर ओळीने बसून छत बघत होतो. मुलगी हळूच म्हणाली, "हर फॅन नीड्स क्लीनिंग." बायकोने तिला कोपर मारलं. मग जीभ लावून पाकीट चिकटवल्याचा आवाज, खुर्ची मागे सरकल्याचा, आणि "आई गं" म्हणून ताई उठल्याचा.

मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखाद्या ऑर्डरचं काय झालं ते ठाऊक नव्हतं.

तो माणूस हरला. महिन्याचे पैसे काही आले नाहीत. जूनमध्ये ताईने काम सोडलं नाही. माझी फाईल आहे तिथेच आहे, आणि किचनमधली ती बाई अजून जड भांडी उचलते, असं ताईने सांगितलं.

जुलैत तिच्या शाळेला सुट्टी असते. मी म्हटलं, इकडे ये. तिकीट मी काढतो, व्हिसाला मी स्पॉन्सर होतो. लगेच फॉर्म भरायला बसलो. मुलगी म्हणाली, "बाबा, शी हॅज अन अमेरिकन पासपोर्ट. त्यांना व्हिसा इथे उतरल्यावरच मिळतो." तरीही मी विमानतळावर फोल्डर घेऊन गेलो. माझं कार्ड, घराचा करार, पगाराचं पत्र, सगळ्याच्या तीन-तीन प्रती.

ताई ट्रॉली ढकलत बाहेर आली. आत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. "हे काय धरलंयस?" तिने फोल्डर बघून विचारलं.

"कागद. लागले असते तर."

तिने फोल्डर माझ्या हातातून घेऊन ट्रॉलीवर बॅगांवर ठेवला, ट्रॉली माझ्याकडे सरकवली आणि माझा दंड धरला. बाहेर पार्किंगपर्यंत बरंच चालायचं होतं आणि उन्हाळा ऐन भरात होता. "हळू चाल," ती म्हणाली. तिचा भार माझ्या दंडावर चांगलाच जाणवत होता.