वेशीपाशी थांबलेल्या लेव्हल्स

"सई न्हाई करनार," वस्तीतल्या गयाबाई म्हणाल्या आणि संमतीपत्र घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

मी पाणीपुरवठ्यात ज्युनियर इंजिनिअर. चौसाळ्याच्या पुढच्या एका गावाची नळयोजना माझ्याकडे होती. गावाची टाकी ग्रामपंचायतीशेजारी आणि माळावरच्या बौद्ध वस्तीला वेगळी, छोटी. त्या टाकीसाठी वस्तीच्या सह्या नाही आल्या तर वस्ती योजनेतून गळणार आणि पुन्हा टँकरमागे धावणार.

"आजी, स्वतंत्र टाकी मिळतेय. भांडण नाही, तंटा नाही."

"सायेब, माज्या सासूनं येगळ्या आडाचं पानी पेलं. मी येगळ्या हापशाचं. आता नातीला येगळी टाकी? एकच पायजे. तवर थांबू आमी."

"उन्हाळा तोंडावर आलाय."

"उनाळे लई बगितले."

मागे सात-आठ बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. एकीनेही चुळबुळ केली नाही.

खोटं कशाला बोलू, मला राग आला. साहेबांना फोन लावला.

"गावच्या टाकीचं पाणी माळावर चढेल का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, हेड मिळणार नाही." नळापेक्षा टाकीतलं पाणी जितकं उंच, तितका त्याचा जोर, त्याला आम्ही हेड म्हणतो.

"मग लिही, लाभार्थ्यांचा नकार."

लिहायला बसलो आणि पेन अडला. स्पर्धा परीक्षेसाठी मी जगभरचे स्वातंत्र्याचे आणि हक्कांचे लढे तक्ता करून पाठ केले होते. कुठे मीठ, कुठे तळं, कुठे बसमधली जागा, आमच्याकडे निजामाचं राज्य. प्रत्येकाला वेगळा रकाना. त्या दिवशी कळलं, मागणी सगळीकडे एकच होती: आम्हाला तुमच्या बरोबरीचं माना, आणि आमचं काय करायचं ते आम्हाला विचारा. ती मागणी हंडा घेऊन माझ्यासमोर उभी होती आणि मी तिच्यावर चिडलो होतो.

नकाशा काढला. आमच्या लेव्हल्स, म्हणजे जमिनीच्या उंचीची मापं, वेशीपाशीच संपलेल्या. माळाची उंची मी अंदाजाने टाकली होती. आमची रीतच ती: गाव म्हणजे वेशीच्या आतलं, वस्ती म्हणजे सुटं प्रकरण.

दुसऱ्या दिवशी लेव्हल घ्यायचं मशीन घेऊन माळावर गेलो. समाजमंदिराशेजारची जागा ग्रामपंचायतीपेक्षा नऊ मीटर उंच निघाली. तिथे टाकी बांधली तर सगळ्या गावाला उतारानेच पाणी जाणार होतं.

"गावाची टाकी तुमच्या जागेत बांधू का?" मी गयाबाईंना विचारलं.

"बांदा की. पन गावाला इचारलं का?"

"ते मी बघतो."

"न्हाई, इचारा. आमाला न इचारता दिलंत, तसं त्यांना नका देऊ."

मी थक्क झालो. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विचारलं नाही, त्यांना विचारा म्हणत होती ही बाई.

सरपंच म्हणाले, "गावाची टाकी वस्तीत? लोक काय म्हनतील?"

"दुसऱ्या मजल्यावर पाणी चढलं म्हणतील."

ग्रामसभेत दोन तास आरडाओरडा झाला, मग ठराव झाला. काम लांबलं. तो उन्हाळा वस्तीने टँकरवरच काढला, आणि त्याबद्दल मला कुणी बोल लावला नाही.

आता अख्खं गाव माळावरच्या टाकीचं पाणी पितं. मी एवढंच शिकलो: लेव्हल घेताना वेस आली की मशीन उचलायचं आणि पुढे चालायचं.