आपोआप दिलेली ढाल

पिरंगुटच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने मला फसवलं. नुसत्या मजकुरावर चालणारा ऑनलाइन खेळ त्यानेच मला शिकवला. स्क्रीनवरची प्रत्येक ओळ तो बोट ठेवून मोठ्याने वाचतो, कीबोर्डवर फुंकर मारतो आणि म्हणतो, “हितं चित्र न्हाई शेठ, वाचायचं आन् मनात बघायचं.” खेळाचं सॉफ्टवेअरही माझ्या लॅपटॉपवर त्यानेच बसवलं. काल खेळात त्याने मला ‘राम राम’ लिहिलं आणि मी कीबोर्डला हातही न लावता माझ्या योद्ध्याने आपली ढाल त्याला देऊन टाकली.

मी जाब विचारला, तर “म्या सेटिंगच तसं केलंय, त्यो शब्द आला की ढाल माझ्याकडं. लई तापू नका,” म्हणत तो हसला.

उद्या खेळात आमच्या पाच जणांच्या गटाची चढाई आहे. बाकीचे चौघे माझ्या योद्ध्याच्या भरवशावर मागे उभे राहणार आहेत. आणखी कोणत्या शब्दावर माझ्याकडचं काय जाणार आहे, हे त्याने आज माझ्यासमोर बसून सांगावं.