येणार कधी?

बोईसर स्टेशनबाहेर विमानाची तिकिटं काढून देणारा एक जण आहे. गिऱ्हाईक बसलं की तो आधी विचारतो, "येणार कधी?" कुठे जाणार, ते मागाहून. मला हे जरा आगाऊपणाचं वाटायचं. कागदही तो तसेच लावतो, परतीचं तिकीट वर आणि जायचं खाली. "थायलंडसारख्या ठिकाणी व्हिसा लागत नाय, म्हणून विमानवाले पयलं परतीचंच बघतात," म्हणतो.

परवा मी माझं तिकीट घ्यायला बसलो होतो, तेव्हा जवळच सरावलीला राहणारा, कारखान्यातला एक मशीन ऑपरेटर आला. थायलंडला नोकरी मिळाली होती म्हणे. परतीचं तिकीट नुसतं विमानतळाच्या काउंटरवर दाखवायला हवं होतं, खोटं चाललं असतं.

"कामाचा व्हिसा कुठं हाय?"

"तिथे पोचल्यावर देणार आहेत."

तिकीटवाल्याने त्याचा पासपोर्ट मिटून परत केला. "खोट्या कागदावर जाशील रे. पण यायचं झालं, तर त्याच्यावर कोण बसवणार हाय तुला?"

"दुसरीकडे काढतो," म्हणत तो तणतणत उठला. पण दारात पोचल्यावर सवयीने म्हणालाच, "येतो."

"कधी?" याने विचारलं.

तो दारातच उभा राहिला.