कनातीमागं कोण हसलं

नळदुर्गात तंबूचा सिनेमा आला की कनातीपलीकडं बायका बसायच्या आणि कनातीच्या दोरीला टेकून आमचे हे बसायचे. आमचा धंदा मनियाराचा, बांगड्या भरायचा. हिंदूंच्या घरी हे जायचे, पडद्यातल्या घरांत मी. बांगड्या भरणाऱ्याचा हात कुणा बाईला परका वाटत नाही, म्हणून त्यांना तिथं बसायची मुभा होती. सिनेमा हिंदुस्तानीत, बायकांना कळायचा निम्मा. मग हे मोठ्यानं मराठीत सांगत जायचे. नुसतं सांगितलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ह्या माणसाला पदरचं घातल्याशिवाय करमायचं नाही!

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. सकाळी चावडीवर बोलावलेला माणूस संध्याकाळी घरी येईलच, असं कुणी सांगावं? आमच्या गल्लीतला शिंपी असाच नेला होता. आला तो उजवा हात गळ्यात बांधून, आणि काय झालं ते त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. मी ह्यांना रोज बजावायची, "जिभेला आवरा." हे हसायचे.

एकदा आलेल्या खेळात एक जाडा दरोगा, म्हणजे पोलीस फौजदार, आणि एक किडकिडीत चोर. दोघांच्या हाताला एकच बेडी, किल्ली हरवलेली, आणि डाकूंना धरायला दोघं तसेच रानोमाळ पळतात. एक पडला की दुसरा आपटतो. दरोगा तोंडानं शूर, मारामारी सगळी चोराच्या वाट्याला. आता आमच्या गावच्या ठाण्यातल्या जमादाराला पट्टा पोटावर ओढून "हम हैं ना!" म्हणायची सवय होती. ह्यांनी काय करावं? पडद्यावरचा दरोगा चिखलात आडवा झाला, तसे हे पट्टा ओढल्यासारखं करून ओरडले, "हम हैं ना!" पहिली हसली ती तेल्याची सून. माझ्या शेजारीच बसली होती. मग सगळ्या बायका हसल्या, मग पुरुषांत हशा उसळला. दरोगा जितक्यांदा पडला तितक्यांदा ह्यांचं "हम हैं ना!"

आणि जमादार पुढं खुर्चीवर बसलेला! अंधार झाल्यावर येऊन बसला होता, ह्यांना पत्ताच नव्हता. खेळ अर्धा झाल्यावर तो उठला, कनातीमागून बायकोला बोलवून घेतलं आणि निघून गेला. कंदिलाच्या उजेडात मला त्याचं लालबुंद तोंड दिसलं.

दुसऱ्या दिवशी मीही ह्यांच्याबरोबर फिरले. म्हटलं, निदान ह्यांचं तोंड धरता येईल. पण गावाचं तोंड कोण धरणार? जिथं जावं तिथं सिनेमाच. चहावाला म्हणाला, "मारामारी खोटी. एवढी माणसं पडली आन् एकाचं पागोटं सुटलं न्हाय." पाटलीणबाई म्हणाल्या, "बेडी सुटल्यावर चोर परत आला कशाला? येडा का काय!" एका म्हातारीला निराळीच काळजी. "दोघं एका साखळीत, मग मुतायला कसं जात आसतील गं?" आणि एवढं बोलून झालं की प्रत्येकाचं शेवटचं तेच, "पर खरी मजा मनियारानं आणली. दरोगा अगदी आपला जमादार, व्हय का न्हाय?"

अगं बायांनो, गप बसा ना! पाया पडायचंच बाकी होतं माझं. ते कौतुक करत होते आणि मी ठाण्याचा शिपाई कुठं दिसतो का ते बघत होते.  पाटलांच्या ओसरीवर ह्यांच्या हातून बांगडी सुटून फुटली. वीस वर्षांच्या धंद्यात मी असं पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी शिपाई आला. "जमादारसाहेबांच्या घरी बांगड्या भरायच्या आहेत. दोघांनी या."

मला आत पाठवलं, ह्यांना बाहेर उभं केलं. मधे दाराला पडदा. जमादाराची बायको माझ्यासमोर हात पुढं करून बसली होती. माझ्याहून लहानच असेल. मी बांगडी चढवायला लागले आणि बाहेरून जमादाराचा आवाज आला.

"तू बाजू में बैठा था. मेरे पे पहले औरत हँसी. कौन थी वो? घर बोल."

"अंधेरा था, हुजूर."

"तेरे कू गाँव की सब औरतां मालूम. आवाज नै मालूम?"

ह्यांना माहीत होतं. गावातल्या एकेका बाईचं हसणं ते ओळखायचे. पण तेल्याच्या सुनेचा नवरा आधीच निजामाच्या हद्दीबाहेर सोलापूरकडं पळालेला, घरात ती आणि आंधळा सासरा. नाव सांगितलं असतं तर त्या घराचं काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको. आणि नाही सांगितलं तर ह्यांचं? मला त्या वेळी काय वाटत होतं ते सरळ सांगते. सांगा, सांगून टाका, असंच वाटत होतं. शिंप्याचा हात डोळ्यापुढून हलत नव्हता.

हे परत तेच म्हणाले, "अंधेरा था, हुजूर." काठी आपटली, कशावर ते कळलं नाही. मग जमादार म्हणाला, "ठाणे ले जाओ इसे."

माझ्या हातातला तिचा हात एकदम घट्ट झाला. बांगडी अजून बोटांच्या सांध्यावरच होती. ती पडद्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "मैं हँसी थी. सब से पहले मैं."

 शिपायासमोर, परक्या पुरुषासमोर जमादाराची बायको बोलली होती. आता चौकशी वाढवली तर त्याच्याच घराचं नाव निघणार होतं. तो म्हणाला, "जाओ." मी टोपली उचलली आणि मागं न बघता निघाले. ह्यांना धड चालता येत होतं, दोन्ही हात शाबूत होते. घरी येऊन मी देवाचे आभार मानले, चूल पेटवली, आम्ही पोटभर जेवलो.

पुढच्या आठवड्यात जमादाराच्या बायकोचं परत बोलावणं आलं. सगळ्या बांगड्या नव्यानं भरायच्या होत्या. मनगटं इतकी सुजलेली की मला माप दोन नंबर वाढवून घ्यावं लागलं. कोपरापर्यंत हात निळे. मी एकेक बांगडी जपून चढवत राहिले. तिनं दाराकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "खेल अच्छा था, मां. मैं तो मुँह में पल्लू दबा को बैठी थी. हँसी भी नै."