शांताकाकूंची शीळ

“मी वेडी नाही गं पोरी,” शांताकाकू म्हणाल्या. “हे शीळ घालतात. मी भाजी फोडणीला टाकली की.”

‘हे’ म्हणजे काका. नागपुरातच वारले. मग काकू मुलाकडे, कॅनडात मिल्टनला आल्या. दिवसा घरात त्या आणि तान्हा नातू. मुलगा संदीप वैतागलेला होता. “ताई, आपण बौद्ध. भूतबित मानत नाही आपण. आईचं डोकं ठिकाणावर नाही. बाळाला तिच्यापाशी कसं ठेवू? तिकीट काढलंय, नागपूरला मावशीकडे राहील.”

काकू नातवाला घट्ट धरून बसल्या होत्या.

मी एचव्हीएसी इंजिनियर, म्हणजे घरातली हवा आणि हीटिंग बघणारी. सोबत हॅरी. टोरोंटोचा रिटायर्ड प्रोफेसर, आयुष्यभर भुताटकीच्या तक्रारी तपासत फिरलेला. कॅनडात मला कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा यानेच पहिलं काम दिलं. “भूत नंतर. आधी घर तापवणारी फर्नेस,” म्हणायचा.

काकूंना त्याने माझ्याकरवी एवढंच सांगितलं, “भाजी करा.”

काकूंनी शेगडीवरचा धूर ओढणारा हूड फुल केला. मोहरी तडतडली. आणि बेसमेंटमधून शीळ आली. अगदी माणसाची! अंगावर काटा आला माझ्या, खोटं काहून बोलू?

खाली धावलो. बाहेरची ताजी हवा आत आणणाऱ्या पाइपात गोधडी कोंबलेली.

“थंडी येते ना त्यातून,” संदीप म्हणाला.

झालं! हूड घरातली हवा बाहेर फेकतो. तेवढी हवा आत यायला वाट हवी. नसली तर ती गॅसच्या वॉटर हीटरच्या धुराड्यातून उलटी खाली येते, शीळ घालत. सोबत हीटरचा विषारी वायू. त्याला वासही नसतो. माझा वायू मोजायचा मीटर किंचाळायला लागला.

“धूर-वायूचा अलार्म कुठाय?” मी विचारलं.

“ड्रॉवरमध्ये. फोडणी दिली की वाजतो.”

“धन्य आहेस बाबा!” मी गॅस बंद करून सगळ्यांना बर्फात बाहेर काढलं.

काकूंनी कुडकुडत विचारलं, “म्हणजे ते नव्हते?”

“ते मला माहीत नाही,” हॅरी म्हणाला. “पण तुम्ही ऐकलंत, ते खरं होतं.”

संदीपने तिथेच आईचे पाय धरले. तिकीट रद्द झालं.

हॅरी मागच्या विंटरमध्ये गेला. काकू त्याच्या अंत्यविधीला भाजीपोळीचा डबा घेऊन आल्या, आणि मला रडू आवरेना. जन्मात एक भूत सापडलं नाही बिचाऱ्याला. पण त्या घरातली माणसं आज जेवतायत ती त्याच्यामुळे, आणि मीसुद्धा. कुणी “ऐकू येतं” म्हणालं, की मी आधी ऐकून घेते. मीटर नंतर.

आणि हो, फोडणीच्या धुराने अलार्म वाजला तर खिडकी उघडा, थांबेना तर घराबाहेर पडा. अलार्म काढू नका.