राखीव खेळाडूचा चेहरा

"पोरींचे फोटो कावून पायजेत? कप टाका मोठा. झालं."

हे मी आडभिंतीच्या अलीकडून ऐकलं. माजलगावात तेलगाव रस्त्याला माझ्या चुलत भावाचं फ्लेक्सचं दुकान आहे. पुढे काउंटर, मध्ये प्लायची आडभिंत, आणि तिच्यामागे कॉम्प्युटर, खुर्ची आणि मी. गिऱ्हाइकाला मी दिसत नाही, मला त्याचं सगळं ऐकू येतं. पुण्याहून डिग्री घेऊन परत आल्यापासून मी इथं डिझाइन करते. ती आडभिंत नसती तर मी हे काम धरलंच नसतं. अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलायची म्हटली तरी मी आधी मनात चार वेळा जुळवते, आणि तोवर तो माणूस निघून गेलेला असतो.

बोलत होता तो साहेबांचा कार्यकर्ता. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. आमच्या गावच्या शाळेतल्या मुलींचा कबड्डीचा संघ जिल्ह्यात पहिला आला होता, आणि साहेबांच्या वतीने गावच्या चौकात अभिनंदनाचा बोर्ड लागायचा होता. बोर्ड माझ्यासमोर स्क्रीनवर तयार होता. त्यावर बाराच्या बारा मुली होत्या. त्यांतली एक माझ्या या भावाचीच धाकटी बहीण, नववीतली.

"बघू की अण्णा," भाऊ म्हणाला. "आमची बी हाय त्याच्यात."

"मंग तर नकोच. घरातल्या पोरीला चौकात टांगतो का बे? चार टवाळ पोरं फोटो काढून मोबाइलवर फिरवतील. उद्या सोयरीक जमवायला गेला की कळंल."

भाऊ हसला. गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं त्याचं एक हसू आहे, ते. बाहेरून उसाचा ट्रक गेला, शटर थरथरलं, आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. मी माऊसवर हात ठेवून बसून राहिले.

या धाकटीची आणि माझी दोस्ती ॲनिमेमुळे झाली. ॲनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका. त्यातल्या खेळांच्या मालिका आम्हा दोघींना आवडतात. शाळेचा संघ, सराव, स्पर्धा, हरणं, पुन्हा सराव. आमच्या घरात याला एकच शब्द आहे, कार्टून. काकू येता-जाता म्हणतात, "एवढी घोडी झाली, आजून कार्टून बघतीया." भावाचे मित्र जास्त हुशार. त्यांचं म्हणणं, पोरी हे चिकण्या पोरांसाठी बघतात. हो, त्यातली मुलं दिसायला छान असतात. मला ती आवडतात. यात लाज वाटण्यासारखं काय आहे, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. हीच मंडळी क्रिकेटरसारखे केस कापून घ्यायला सलूनमध्ये नंबर लावून बसतात, तेव्हा ते खेळावरचं प्रेम असतं.

सबटायटल इंग्रजीत येतात. धाकटीला ती त्या वेगाने वाचता येत नाहीत. म्हणून रविवारी दुपारी माझ्या खोलीत मी ती वाचते आणि तिथल्या तिथे मराठीत बोलते. आधी नुसतं भाषांतर सांगायचे. मग तिने फर्माइशी सुरू केल्या.

"ताई, तो लंबू आसा बोलत न्हाई. त्याला आमच्या हेडसरावानी बोलव."

"आणि हा बुटका?"

"त्यो आपला दूधवाला. सारखं नाकातून."

अशा रीतीने जपानमधला एक अख्खा संघ आमच्या भागातलं मराठी बोलायला लागला. मी, जिला घरात 'मुकी' म्हणतात, तीन तीन आवाजांत भांडायचे. गंमत म्हणजे या खोलीतच मी नीट मराठी बोलायला शिकले. माझ्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की दंड होता, आणि घरी इंग्रजी शब्द आला की टिंगल. दोन्हीकडून मार खाल्ला की माणूस गप्प बसणं सोयीचं धरतो.

त्या शाळेचाही मला राग आहे. पालकांना दाखवायला मोठं मैदान होतं, त्यावर बस उभ्या असायच्या. खेळाचा तास गणिताच्या बाई घेऊन जायच्या. उरलाच तर मुलं खेळायची आणि आम्ही मुली लिंबाखाली ओळीने बसून त्यांचे स्वेटर आणि घड्याळं सांभाळायचो. 'गर्ल्स, चिअर!' असं सर ओरडायचे. आम्ही टाळ्या वाजवायचो. मी किती टाळ्या वाजवल्या असतील त्या मैदानावर. मला साधा चेंडू झेलता येत नाही.

कदाचित म्हणूनच या मालिका मला इतक्या घट्ट धरून ठेवतात. आम्ही हँडबॉलची एक बघितली होती. त्या संघात दोन गोलकीपर. एक भारी, दुसरा राखीव. राखीवाला फक्त पेनल्टीपुरतं आत पाठवायचे. एक फेक, की पुन्हा बाकावर. आपल्याकडे अशा माणसाचं कुणी काय केलं असतं? पाणी आणायला लावलं असतं. त्या मालिकेत त्याच्यावर एक आख्खा भाग आहे. तो सकाळी कसा उठतो, बुटाची एकच नाडी दोनदा का बांधतो, भारी गोलकीपरवर जळतो आणि तरी त्याचा हात दुखला की स्वतः बर्फ शोधून आणतो. समोरच्या संघातल्या फेकणाऱ्याच्या खांद्याकडे तो महिनाभर बघत असतो. मग तो आत येतो, उडी घेतो, आणि गोल होतो.

धाकटी उशी फेकून उठली होती. "एवढा आख्खा भाग त्याच्यावर घातला आन् गोल खाल्ला व्हय?" आणि थोड्या वेळाने, उशी उचलत, "तरी पण लई भारी हाय त्यो."

मला जे सांगायचं आहे ते हेच. त्या मालिकांत सगळ्यांना चेहरा असतो. बाकावरच्याला असतो, पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या मुलीला असतो, पहिल्याच फेरीत हरून घरी जाणाऱ्या संघाच्या कप्तानालाही असतो. कुणी सारखं खातं, कुणी अंधश्रद्धाळू, कुणी उगाच तिरसट. एखादा आवडायला लागतो, मग त्याच्या शेजारचा, आणि बघता बघता सगळ्यांचीच काळजी वाटायला लागते. 'आणि इतर' नावाची माणसं तिथे नसतात. आपल्या पेपरातल्या बातमीत मात्र ती हमखास असतात. कार्यक्रमाला कोण कोण उपस्थित होतं, त्याची यादी पूर्ण छापतात, आणि खेळणाऱ्या मुली आल्या की आणि इतर.

म्हणून या बोर्डासाठी फोटो मी स्वतः काढले. संघाच्या सरांनी पाठवला होता तो सगळ्यांचा एकत्र होता, त्यात मागच्या रांगेतल्या मुलींची फक्त कपाळं होती. मालिकेच्या सुरुवातीच्या गाण्यात एकेक खेळाडू वळून आपल्याकडे बघतो, तसं मला हवं होतं. मी गावच्या शाळेच्या मैदानावर गेले आणि एकेकीला उभं केलं. मला वाटलं होतं लाजतील. एकीने मांडीवर अशी थाप मारली की मीच दचकले. एक म्हणाली, "कोपरावरचं खरचटलेलं दिसू द्या, फायनलला समोरच्या पोरीनं वढलं होतं." एक दात पुढे आहेत म्हणून हसेना, तर बाकीच्यांनी तिला इतकं छळलं की ती हसत हसत शिव्या देत होती, तोच फोटो मी ठेवला.

धाकटी सगळ्यांत शेवटी आली. ती राखीव खेळाडू. फायनलला एक मुलगी लंगडायला लागली म्हणून तिला आत पाठवलं होतं, आणि एका चढाईपुरतीच तिला संधी मिळाली. कुणालाही न शिवता ती परत आली, पण पकडली गेली नाही. त्या चढाईबद्दल तिने मला इतक्यांदा सांगितलं आहे की ती मी बघितली आहे असंच मला वाटतं.

"ताई, माझा बारका टाक. मी राखीव हाय."

"सगळ्यांचे सारखे आहेत."

"खरंच?"

तिने कमरेवर हात ठेवले, मग काढले, मग पुन्हा ठेवले. घरी जाताना तिने विचारलं, बोर्डावर ती कुठल्या बाजूला असेल. मी म्हटलं, उजवीकडे, खालून दुसरी. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना हे माहीत होतं. वाटेतल्या दुकानवाल्यालाही तिने सांगून ठेवलं होतं, सोमवारी चौकात बघा, उजवीकडं.

आणि इकडे भाऊ आडभिंतीच्या कडेला येऊन उभा होता.

"पोरी काढ. कप टाक मधी."

ऐकू न आल्यासारखं बसायची मला सवय आहे.

"आगं, ऐकतीस का? ह्यांचं काम गेलं तर वर्सभर माशा मारीत बसू आपण." हे तो हळू बोलला. त्याच्या चेहऱ्यावर अवघडलेपण होतं, ते मला दिसलं, आणि त्याने माझा राग कमी झाला नाही.

मग त्याच्या खांद्यावरून कार्यकर्त्याचं डोकं आत आलं. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, कानाला फोन. तो स्क्रीनकडे बघायला लागला.

"आरारा! सायबापेक्षा पोरीच मोठ्या? हे कुणी केलं?"

"हिनं. चुलत बहीण हाय आमची."

"बरं बरं. मॅडम इंग्लिश मिडियमच्या दिसत्यात." तो माझ्याशी नाही, भावाशीच बोलत होता. "आसं करू. तुमचं बी राहू द्या, आमचं बी राहू द्या. ती कप्तान हाय ना, ती घ्या. आन् सायबाच्या मेव्हण्याची पोरगी हाय संघात, ती घ्या. दोघी बास. खाली लिहा, आणि इतर खेळाडू."

"बाराजणी आहेत," मी म्हणाले. एवढं हळू की ते फक्त मलाच ऐकू आलं असं वाटलं, पण त्याने ऐकलं.

"बाकीच्या बसवायच्या कुठं मॅडम? जागा हाय का?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. वर साहेब, कमरेपर्यंत, हात जोडून. त्यांच्या मागे त्यांचे वडील, ढगात. शेजारी साहेबांचे चिरंजीव. आणि खालून डावीकडून उजवीकडे शुभेच्छुक, गोल गोल चौकटींत. कुणी गॉगल लावून, कुणी फोन कानाला लावून, कुणी कुठल्याशा गाडीच्या बॉनेटला टेकून. गाडी मीच कापून काढली होती. या चेहऱ्यांना मी ओळखते. माझं निम्मं काम म्हणजे हे चेहरे. यांतल्या एकाचा दुसऱ्यापेक्षा नखभर लहान झाला तर दुकानात येऊन भांडतात. एक तर मोजायला टेप घेऊन आला होता.

तेवढ्यात भावाचा फोन वाजला. "हे दोघं राहिले होते," कार्यकर्ता म्हणाला, "पाठवलेत बघ. सायबाच्या जवळ घ्या ह्यांना, नाहीतर रुसत्याल."

भावाने फोटो मला पाठवले. एक लग्नातला होता, फेट्यासकट. दुसऱ्यात माणूस झोपेतून उठवून उभा केल्यासारखा.

"ह्यांना जागा आहे का?" मी विचारलं.

"आता करावी लागतीच की," भाऊ म्हणाला. "दोघी ठेव आन् बाकीच्या काढ. आपली तशी बी राखीवच हाय."

आपली तशी बी राखीवच हाय. त्याची सख्खी बहीण. त्या चढाईची गोष्ट त्यालाही तिने जेवताना सांगितली होती, मी समोर होते, आणि त्याने मोबाइलवरून डोकं वर न काढता 'हां' म्हटलं होतं. मला त्या कार्यकर्त्याचा राग आला होता तो वेगळा. तो परका होता, त्याचं कामच ते. पण हा तिच्या शेजारी जेवायला बसतो. सोमवारी ती शाळेतून येताना चौकात थांबणार होती, मैत्रिणींना घेऊन, उजवीकडे, खालून दुसरीकडे बोट दाखवायला. आणि तिथे हा फेटेवाला असणार होता. ती काही बोलली नसती, हे मला माहीत आहे. घरी येऊन म्हणाली असती, जाऊ दे ताई, मी राखीवच हाय. हे वाक्य ती आत्ताच शिकली होती. अजून थोडे दिवस गेले असते तर ते तिला पाठ झालं असतं, जसं मला झालं.

मी खुर्ची मागे ढकलली. ती आडभिंतीवर आपटली आणि प्लाय खडखडलं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मनात काहीच जुळवलेलं नव्हतं. मी स्क्रीन त्या माणसाकडे वळवली. आवाज इतका मोठा निघाला की काउंटरवर उभं असलेलं दुसरं गिऱ्हाईक वाकून आत डोकावलं.

"ह्या खालच्या रांगेतले फायनलच्या दिवशी मैदानावर कोण कोण आलते, त्यांच्यावर बोट ठेवा. तेवढे ठेवते. बाकीचे काढते, मग बाराच्या बारा पोरी आरामात बसतील."