जमिनीच्या पत्रात आजार नको

आमच्या घरात एक नियम होता आणि तो मला कधीच पटला नाही. जमिनीच्या पत्रात आजार लिहायचा नाही आणि आजाराच्या पत्रात जमीन काढायची नाही. नियम आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आजोबांच्या काळचा. ते म्हैसूरच्या घोडदळात होते. त्यांनी बंगळुरास असलेल्या धाकट्या भावाला एकाच पत्रात कळवलं, की वडील अंथरुणाला खिळलेत आणि सोसले गावाकडच्या शेताच्या बांधावरून तंटा आहे. भाऊ धावत आला, तर गाव म्हणालं, वाट्यासाठी आला. तो पाणीही न पिता परत गेला आणि पुन्हा कधी उंबरा चढला नाही. ती मोडीतली पत्रं आप्पा आम्हा भावंडांना वाचून दाखवत आणि शेवटी बोट उगारून नियम सांगत. मी तेव्हाही म्हणायची, गावाच्या तोंडाला का घाबरायचं?

आई गेल्यावर आप्पा खचले. पाय सुजायचे, दोन पावलं चालले की दम लागायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मुलाला बोलावून घ्या. अण्णा, माझा थोरला भाऊ, दिल्लीला सरकारी कचेरीत. आईच्या वर्षश्राद्धानंतर तो आलाच नव्हता. मी तार करते म्हटलं, तर आप्पा भडकले. चोरून तार केलीस तर औषधाचा थेंब घेणार नाही, म्हणाले. आणि ते बोलतील तसं करणारे, तेव्हा मी तार केली नाही.

मग त्यांनी स्वतःच युक्ती काढली. शेत विकायचंय असं कळवू; विकायचं तर थोरल्याची सही हवी, म्हणजे त्याला यावंच लागेल. शेत विकायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना पोराचं तोंड बघायचं होतं, बस्स. त्यांचे हात थरथरायचे म्हणून ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. शेवटी मी आपलं विचारलं, तब्येतीची एक ओळ घालू?

"जमिनीच्या पत्रात?" म्हणाले, आणि असं बघितलं की जणू मी देवघरात चप्पल घालून शिरले होते.

अण्णा आला नाही. त्याचं रजिस्टर पाकीट आलं. स्टॅम्पपेपरवर संमती, खाली सही, साक्षीदार, सगळं नीट. सोबत लिहिलं होतं, मला काही नको, आप्पांना बहिणीने सांभाळलं, माझा वाटा तिलाच द्या. माझ्या भावाचं मन मोठं, यात वाद नाही. पण मला असा राग आला म्हणून सांगू! मेला तोही त्याच पत्रांवर वाढलेला. जमिनीसाठी आला असं कुणी म्हणू नये, म्हणून हा आलाच नाही.

आप्पांनी तो कागद उलटापालटा करून पाहिला. "सही कुणी मागितली होती?" एवढंच म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

मी म्हटलं, आता आजाराचं वेगळं पत्र लिहू, तुमच्या नियमात तर बसतं. तर तेही नको. जमीन सोडली म्हणून म्हातारा आजारी पडला असं त्याच्या मनात येईल; इरली, म्हणजे राहू दे, म्हणाले. त्याऐवजी लिहायला सांगितलं: सही जुळत नाही, समोर येऊन कर. सही चांगली ठसठशीत जुळत होती. मी कुरकुरत लिहिलं, पण लिहिलं; मलाही वाटलं, आता तरी याला कळेल.

नंतर आप्पांचं बसणंही सुटलं. फाटक वाजलं की मान वळवायचे. एका सकाळी पोस्टमनने माझी सही घेऊन पाकीट दिलं. मी धावत आत नेलं. आप्पांनी ते हातात घेतलं, उघडलं नाही, नुसतं अंगठ्याने चाचपलं.

"जाड आहे," ते म्हणाले.

उघडून तर बघा, मी म्हटलं.

"येणारा माणूस कार्ड टाकतो गं. त्याला एवढे कागद लागत नाहीत."

पाकीट माझ्याकडे देऊन ते भिंतीकडे वळले. मी उघडलं. आत नवी सही होती, त्याच्या कचेरीतल्या साहेबाच्या शिक्क्यासकट.